मूल बोलू लागते तेव्हा : प्रस्तावना

'ताक' आणि 'टाक' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. जिभेचे टोक वरच्या दातांना टेकले की एक ध्वनी निघतो आणि तेच टोक थोडे मागे वळून टाळूला लागले की दुसरा. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला मात्र हे दोन्ही ध्वनी बहुधा एकच वाटतात. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले हेच दोन ध्वनी ऐकवले. त्यांचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना 'त' आणि 'ट'मधला फरक कळत होता, पण दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना तो कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या मुलांच्या कानांत मात्र तो फरक पक्का राहिला होता. म्हणजे पहिला शब्द ओठांवर येण्याच्या सुमारासच, आपल्या घरात कोणते ध्वनी कामाचे आहेत याचा निवाडा मुलाने केलेला असतो. आपण त्याला 'अजून काही कळत नाही' म्हणतो, ते हे महिने.

बालभाषेचा अभ्यास या आश्चर्यातून सुरू होतो. हे पुस्तक उघडणारे आई-बाबा, आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या शिक्षिका आणि भाषाशास्त्राचे नवे विद्यार्थी, सर्वांचे या अभ्यासक्षेत्रात मनापासून स्वागत आहे. इथे येण्यासाठी आधी पदवी मिळवावी लागत नाही. या शास्त्राचा पायाच पालकांनी घातला आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या तान्हेपणी टिपणे ठेवली होती. त्यांवर आधारलेला लेख त्याने १८७७ मध्ये छापला. क्लारा आणि विल्यम स्टर्न या जर्मन दांपत्याने आपल्या तीन मुलांच्या बोलण्याची रोजनिशी लिहिली आणि १९०७ मध्ये मुलांच्या भाषेवरचा मोठा ग्रंथ दिला. पुढे ध्वनिमुद्रणाची सोय झाल्यावर हार्वर्डच्या रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या गप्पा वर्षानुवर्षे टिपल्या. त्या कामावरचे त्यांचे १९७३चे पुस्तक आजही या विषयाचे प्रवेशद्वार मानले जाते.

या इतिहासात मराठीचे एक मानाचे पान आहे, आणि ते मराठी वाचकांनाच फारसे ठाऊक नाही याची मला खंत वाटते. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर यांनी १९६४ मध्ये 'वर्ड' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली, त्या सहांमध्ये मराठी होती. मंमं, जोजो, पापा, भूभू, माऊ, बाऊ, भूर, शी, शू हे आपल्या स्वयंपाकघरातले आणि पाळण्याजवळचे शब्द अभ्यासाचा विषय झाले. या बोलीत अक्षरे दुणावतात, ओठांवरचे ध्वनी पुष्कळ असतात आणि प्रत्ययांचा भार जवळजवळ नसतो. मोठी माणसे ही बोली कोणी न शिकवता वापरतात आणि आवाजही आपोआप वर चढवून, सूर लांबवून बोलतात. तान्ह्या मुलांना असे बोलणे ऐकायला आवडते, त्याकडे त्यांचे लक्ष चटकन वळते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

'आम्ही पहिल्यापासून मोठ्या माणसासारखेच बोलतो, मंमं-बिंमं नाही' असे अभिमानाने सांगणारे पालक आता बरेच भेटतात. त्यांना माझे सांगणे आहे की बाळबोलीने कोणाची भाषा बिघडत नाही. ते शब्द त्यांचे काम झाले की गळून पडतात. मुलाच्या बोबड्या उच्चाराची मुद्दाम नक्कल करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. 'राम'ला 'लाम' म्हणणाऱ्या मुलाला आपण 'लाम' म्हणून दाखवले, तर ते बहुधा चिडून 'लाम नाही, लाम!' असे सांगते. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये एका इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची अशीच हकीकत नोंदवली आहे. कानाला योग्य ध्वनी कळलेला असतो, जिभेला तो अजून साधलेला नसतो, एवढाच याचा अर्थ. म्हणून मुलाला ऐकू येणारी भाषा नीटच असावी. 'काका'चा 'ताता' होणे, 'र' आणि 'ळ'च्या जागी 'ल' येणे हे लहान वयात स्वाभाविक आहे. 'ळ' आणि 'र' सर्वसाधारणपणे उशिरा बसतात.

व्याकरणाकडे वळलो की मूल किती मोठे काम करते आहे हे अधिक स्पष्ट दिसते. अडीच-तीन वर्षांचे मूल म्हणते, 'मी करलं.' घरात हा शब्द कोणीही बोललेला नाही. मग तो आला कुठून? बसलं, पडलं, हसलं, धरलं हे ऐकून मुलाने नियम काढला आणि 'कर'ला लावला. 'केलं' हा अपवाद मराठीने ठेवला, मुलाने नाही. 'घोडाला', 'कुत्राला' म्हणणाऱ्या मुलाची गोष्टही तीच. त्याला प्रत्यय सापडलेला असतो, सामान्यरूप अजून सापडायचे असते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याला बनावट नाव दिले आणि मग तसे दोन प्राणी दाखवून अनेकवचन विचारले. कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन मुलांनी बरोबर केले. नक्कल करून हे जमले नसते. मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांचा गाजलेला वाद याच मुद्द्याभोवती फिरला. भाषा सवयीने येते की मेंदूत तिची काही जन्मजात तयारी असते, यावरची चर्चा पुढच्या एका प्रकरणात आहे. पालकांसाठी त्यातले एवढेच महत्त्वाचे, की 'करलं' ही प्रगतीची खूण आहे. त्यावर हसू नये आणि 'करलं नाही, केलं म्हण' असा पाठही घेऊ नये. 'हो का, तू केलंस? मग पुढे काय केलंस?' असे म्हटले की योग्य रूप मुलाच्या कानावर पडते आणि गप्पाही तुटत नाहीत.

मराठीच्या काही खास अडचणी आहेत, आणि त्या इंग्रजी पुस्तकांच्या अनुवादात सापडणार नाहीत. आपल्याकडे 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत बोलणाऱ्याचे लिंग दिसते. दिवसभर आई आणि आजीच्या सहवासात असणारा मुलगा काही काळ 'मी जाते, मी खाते' म्हणतो आणि शेजारीपाजारी त्याला चिडवतात. त्याने जे ऐकले ते चोख उचलले आहे. बाबा, काका, दादा यांच्याशी बोलणे वाढले की तो स्वतःच रूप बदलतो. वर्तमानकाळात 'बाळ आंबा खातं' पण भूतकाळात 'बाळाने चिंच खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं', म्हणजे क्रियापद आता खाणाऱ्याकडे पाहत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. परदेशी विद्यार्थ्यांना हे गणित पुस्तकातून शिकताना घाम फुटतो. आपली मुले ते अंगणात खेळता खेळता पुरे करतात.

मग घराने करायचे काय? मूल जर इतके स्वतः करते, तर आपण नुसते बाजूला बसावे का? या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या प्रयोगांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पॅट्रिशिया कूल यांच्या गटाचा, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या मुलांना काही आठवडे चिनी भाषा ऐकवली गेली. एका गटासमोर चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसून पुस्तके दाखवत, खेळत, बोलत होती. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचे तसेच बोलणे पडद्यावर दाखवले गेले. पहिल्या गटातली मुले चिनी ध्वनींतला फरक ओळखू लागली. पडद्यावर पाहणाऱ्यांना काहीच लाभ झाला नाही. भाषा तीच आणि वेळही तेवढाच होता. पडद्यावरच्या माणसाला मुलाची नजर दिसत नाही, मुलाच्या हुंकाराला त्या माणसाकडून उत्तर मिळत नाही.

या पुस्तकाचे सगळे म्हणणे याच ठिकाणी आहे. मुलाची भाषा त्याला मिळणाऱ्या उत्तरावर वाढते. जेरोम ब्रुनर यांनी १९८३च्या पुस्तकात दाखवले की 'बुवा-कुक'सारख्या साध्या खेळांत आळीपाळीने बोलण्याची घडी बसते, आणि शब्द त्या घडीत नंतर येऊन बसतात. आपल्याकडच्या आपडी-थापडीसारख्या बोटांच्या आणि तळहातांच्या खेळांतही हीच रचना आहे. ठरलेली लय असते, मध्ये एक थांबा असतो, आणि त्या थांब्यावर मुलाने काहीतरी करायचे असते. ते हसते, हात पुढे करते, काही महिन्यांनी शेवटचा शब्द स्वतः म्हणते. आजीला हे तंत्र सांगावे लागत नाही, पण आजी जवळ नसलेल्या घराला ते सांगायला हवे.

सर्वांत कठीण जाते ते थांबणे. आपण प्रश्न विचारतो आणि मुलाने तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतो. लहान मुलाला ऐकलेले समजून शब्द जुळवायला काही सेकंद लागतात. विचारून झाल्यावर मनात पाच आकडे मोजावेत आणि तोवर त्याच्याकडे पाहत राहावे. दुसरी गोष्ट, विषय मुलाने निवडावा. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान मूल बोट दाखवू लागते. ते त्याच्या संवादातले फार मोठे पाऊल आहे. त्याने पंख्याकडे बोट दाखवले असताना आपण हातातल्या पुस्तकातला हत्ती दाखवत राहिलो, तर दोघांचीही मेहनत वाया जाते. पंख्याबद्दलच बोलावे. 'पंखा! गरगर फिरतोय. बंद करू या? बघ, थांबला.' पुढे ते 'बाबा गाडी' म्हणेल, तेव्हा 'हो, बाबा गाडीवरून गेला' असे त्याचेच वाक्य थोडे वाढवून परत द्यावे.

यासाठी वेगळा वेळ आणि महागडी खेळणी लागतात, हा समज मोडायला हवा. मेथी निवडताना, पोळ्या लाटताना, बादलीत कपडे भिजवताना, दुकानातून येताना जे काम चालू आहे त्याचेच बोलणे करावे. पोळ्या करणाऱ्या आईजवळ बसलेल्या मुलाला गोळा, पीठ, लाटणे, चिमटा, गरम, फुगली, उलट, वाढ अशी नामे आणि क्रियापदे त्यांच्या अर्थासकट मिळतात. त्याउलट 'हे काय? ते काय? काकूंना म्हणून दाखव' अशी पाहुण्यांसमोरची परीक्षा मुलाला गप्प करते. चित्रांच्या पुस्तकाबाबतही तेच. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की वाचणाऱ्याने मध्ये थांबून मुलालाच गोष्ट सांगायला लावली, त्याच्या उत्तरात थोडी भर घातली, तर त्याच्या बोलण्यात लक्षणीय वाढ होते. चिऊकाऊची तीच गोष्ट रोज मागणाऱ्या मुलाला नवी गोष्ट देण्याची घाई करू नये. रोज तीच ऐकल्यामुळे पुढचे वाक्य त्याला आधीच ठाऊक असते आणि ते म्हणण्याची संधी मिळते.

मोबाइलबद्दल लिहिताना माझा सूर कठोर होतो, पण तो पालकांवर नाही. दोघे नोकरीला, मदतीला कोणी नाही, आणि एक घास भरवायचा तर व्हिडिओ लावावा लागतो, ही अनेक घरांतली खरी स्थिती आहे. तरीही स्पष्ट सांगितले पाहिजे की दोन वर्षांच्या आत पडदा भाषा शिकवत नाही, उलट बोलण्याचा वेळ खातो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्लाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, असाच आहे. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल याला अपवाद आहे, आणि तो योग्यच आहे. साताऱ्याचे आजोबा कॅलिफोर्नियातल्या नातवाशी बोलतात तेव्हा ते त्याला उत्तर देतात.

इथे एका गाजलेल्या आकड्याबद्दल सावध करतो. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेत ४२ कुटुंबांचा अभ्यास करून १९९५ मध्ये असा अंदाज मांडला की गरीब घरातल्या मुलाच्या कानावर चार वर्षांच्या वयापर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा जगभर फिरला, धोरणांतही शिरला. पण कुटुंबे थोडी होती आणि घरातल्या इतरांचे बोलणे त्यात धरलेले नव्हते. २०१९ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांना वेगवेगळ्या वस्त्यांत असे सरळसोट चित्र दिसले नाही. २०१८ मध्ये रेचेल रोमियो यांच्या गटाने दाखवले की मुलांच्या मेंदूतल्या भाषेच्या केंद्राच्या कामाशी कानावर पडलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा मोठ्यांशी झालेल्या आळीपाळीच्या संवादाचा संबंध अधिक आहे, आणि तो कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून नाही. शिवाय एलिनॉर ऑक्स आणि बाम्बी शिफेलिन यांनी सामोआ आणि पापुआ न्यू गिनीत पाहिले की तिथे तान्ह्या मुलाशी थेट गप्पा मारण्याची रीतच नाही, आणि तरी मुले वेळेवर बोलतात, कारण ती दिवसभर माणसांत असतात. गरीब घराला 'भाषेने दरिद्री' ठरवणारे संशोधन आपण डोळे मिटून घेऊ नये.

आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गरीब घराचे हे सामर्थ्य फार आधी ओळखले होते. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे काम केले, त्यात वारली मुलांच्या पाड्यावरच, त्यांच्या अंगणात बालवाडी भरवली. खडे, शिंपले, पाने, बिया हे शिक्षणाचे साहित्य झाले. मुलाच्या घरची बोली अडचण मानायची की भांडवल, हा प्रश्न कातकरी, कोरकू, माडिया मुलांच्या बाबतीत आजही तसाच उभा आहे. मला त्याचे उत्तर एकच दिसते. घरची बोली हे भांडवल आहे, आणि प्रमाण मराठी तिच्या जोडीला यावी.

शहरांत हाच प्रश्न इंग्रजीच्या रूपाने येतो. शाळेच्या प्रवेशाच्या धास्तीने पालक मुलाशी तुटक इंग्रजी बोलू लागतात. 'कम, बेटा, ॲपल खा, हात वॉश कर' यात मुलाला ना इंग्रजी मिळते ना मराठी. दोन भाषांत वाढल्याने मूल उशिरा बोलते, याला आधार नाही. बेळगावात मराठी-कन्नड, गोव्यात कोकणी-मराठी, सुरतेत मराठी-गुजराती अशी मुले पिढ्यान्‌पिढ्या वाढली आहेत. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट सांगता, तीच मुलाशी बोला. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सुरुवातीच्या वर्षांत घरच्या भाषेचा आग्रह धरते.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. घरच्या गप्पांनी सगळे सुटत नाही. मुलाला ऐकू येत नसेल तर कितीही बोलले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ओएई ही श्रवणचाचणी नवजात बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा जगभर मान्य असलेला क्रम आहे. दाराच्या आवाजाने बाळ दचकले म्हणजे त्याला नीट ऐकू येते, असे समजू नये. बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा हातवारे नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची स्वतःची जोडी नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे गेले, तर वाट पाहू नये. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बाबाही असाच होता' ही वाक्ये प्रेमाने म्हटली जातात, पण त्यांत मोलाचे महिने जातात. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे बरोबरीने येतात हे खरे, पण कोणते मूल येईल आणि कोणते नाही, हे घरी बसून सांगता येत नाही. वेखंड उगाळून जिभेला लावल्याने वाचा येते याला शास्त्रीय पुरावा नाही, आणि जिभेखालची दोरी कापल्यानेही न बोलणारे मूल बोलू लागत नाही.

मदत कुठे मिळते हेही माहीत असावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. ज्या मुलाला श्रवणयंत्रानेही पुरेसे ऐकू येत नाही, त्याला भारतीय सांकेतिक भाषा लवकर मिळायला हवी. हातांची भाषाही पूर्ण भाषाच आहे, आणि कोणत्याही भाषेशिवाय बालपणाची वर्षे जाणे यासारखे नुकसान नाही.

एक विनंती करून थांबतो. इंग्रजी मुलांच्या भाषेवर जेवढे काम झाले आहे, त्याच्या तुलनेत मराठी मुलांवरचे फार थोडे आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी घरांत मूल बोलायला कसे शिकते, याच्या नोंदी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. ही उणीव विद्यापीठे एकट्याने भरू शकणार नाहीत. म्हणून घरात लहान मूल असेल तर एक वही ठेवा. मुलाचे वय, तारीख, त्याने उच्चारलेला शब्द जसाच्या तसा, तो कोणाशी आणि कशाबद्दल बोलला, आणि तुम्ही काय उत्तर दिले, एवढे लिहा. 'करलं'ची पहिली नोंद आणि 'केलं'ची पहिली नोंद, दोन्ही हव्यात.